'मेनर' : चोरीच्या मालाविषयीची एक विस्मृत इंग्रजी कायदेशीर संज्ञा आणि शेक्सपिअरची नाटके

प्रास्ताविक

शेक्सपिअरच्या तीन नाटकांत 'टेकन विथ द मॅनर' हा वाक्प्रचार आढळतो. 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये तो एका गावंढळ विदूषकाच्या तोंडी येतो, 'हेन्री चौथा : भाग पहिला'मध्ये युवराजाच्या तोंडी आणि 'द विंटर्स टेल'मध्ये एका मेंढपाळाच्या मुलाच्या तोंडी. अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या आवृत्त्यांच्या तळटीपांत त्याचा अर्थ बहुधा 'प्रत्यक्ष गुन्हा करताना पकडला जाणे' असा दिलेला असतो. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. आणि हा अपुरेपणा विनोदाच्या मुळावर येतो. या वाक्प्रचारातील 'मॅनर' म्हणजे रीत किंवा पद्धत नव्हे. तो 'मेनर' या जुन्या कायदेशीर शब्दाचा ऐकीव अपभ्रंश असून त्याचा अर्थ 'चोराच्या अंगावर सापडलेली चोरीची वस्तू' असा आहे. तळटीप कृती सांगते आणि वस्तू गाळते. ज्या कायद्यात हा शब्द घडला त्यात मात्र माणसाचा जीव त्या वस्तूवर अवलंबून होता. शब्दातून ती वस्तू कशी निसटली आणि निसटत असतानाच्या नेमक्या काळात शेक्सपिअरने तिचा काय उपयोग करून घेतला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाची घडण

नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांत जी फ्रेंच भाषा रुळली, तिच्यातील 'मेनूर' हे या शब्दाचे मूळ रूप. त्याच्यामागे 'मनुस' म्हणजे हात आणि 'ओपेरा' म्हणजे काम या दोन लॅटिन शब्दांचा संयोग आहे. लष्करी डावपेचांसाठी आज वापरला जाणारा 'मनूव्हर' हा शब्द याच कुळातला. आणि सहज विश्वास बसणार नाही, पण शेतात घालावयाच्या खतासाठीचा 'मॅन्युअर' हा शब्दही याच घरातला आहे. 'मॅन्युअर'चा मूळ अर्थ हाताने जमीन कसणे असा होता, खत हा नंतरचा. म्हणजे चोरीचा घोडा, गुंडाळलेले कापड किंवा खांद्यावरचे बकरे यांना कायद्याने चोराचे 'हातकाम' म्हटले होते. मराठीत चोरी करण्याला 'हात मारणे' म्हणतात, तेव्हा हातावरून कृतीचा बोध होतो. इंग्रजी कायद्याच्या फ्रेंचने आणखी एक पाऊल पुढे टाकून हातावरून कृतीला आणि कृतीवरून वस्तूला नाव दिले.

येथे ब्लॅकस्टनच्या स्पष्टीकरणाची दखल घेणे आवश्यक ठरते. इंग्लंडच्या कायद्यावरील आपल्या भाष्यग्रंथाच्या १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात मेनरसह सापडलेल्या चोराविषयी लिहिताना त्याने 'हातात' या अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग जोडून दिला आहे. वर्णन म्हणून तो चपखल असला तरी व्युत्पत्ती म्हणून वाचल्यास दिशाभूल करतो. 'हातात असलेले' आणि 'हाताने केलेले' यांतील अंतर लहान नाही. पहिल्यात वस्तू कोठे आहे एवढेच सांगितले जाते. दुसऱ्यात ती तेथे कशी आली याचा निवाडाही होऊन जातो. शब्दच निकाल देऊन मोकळा होतो, आणि ज्या न्यायप्रक्रियेने हा शब्द घडवला तिचे स्वरूपही नेमके असेच होते.

वस्तू बोलते, माणूस नाही

फ्रेंच शब्द येण्यापूर्वी अँग्लो-सॅक्सन कायद्यांत यासाठी शुद्ध देशी संज्ञा होत्या. 'हँडहॅबेंडे' म्हणजे हाती माल असलेला आणि 'बॅकबेरेंडे' म्हणजे पाठीवर माल वाहणारा. केंटचा राजा विट्रेड याच्या ६९५ सालच्या सुमाराच्या कायद्यात असे सांगितले आहे की, स्वतंत्र मनुष्य हाती मालासह पकडला गेल्यास त्याला ठार करावे, समुद्रापलीकडे विकावे की त्याच्या जिवाचे मोल घेऊन सोडावे हे राजाने ठरवावे. दहाव्या शतकात राजा अथेलस्टन याने ग्रेटली येथे केलेल्या नियमांनुसार बारा वर्षांवरील कोणाही चोराला, तो आठ पेन्सपेक्षा अधिक किमतीच्या मालासह हाती लागला असेल तर, सोडता येत नसे. त्याच राजाच्या कारकिर्दीतील लंडनविषयक नियमांच्या अखेरीस मात्र एक वेगळीच नोंद आढळते. इतक्या लहान वयाच्या मुलाला इतक्या थोड्यासाठी मारणे राजाला क्रूरपणाचे वाटते, असे त्याने व्हिटलबरी येथील सभेत आपल्या सल्लागारांना कळवले आणि वयाची मर्यादा पंधरा वर्षांवर नेली. पळून जाणारा किंवा प्रतिकार करणारा मात्र या सवलतीतून वगळला. तेराव्या वर्षाच्या किती मुलांना पाहून राजाला हे सुचले असेल, हे नोंदीत नाही. पण कायद्याच्या रूक्ष कलमांमधून माणसाचा आवाज क्वचितच असा ऐकू येतो.

हाती माल सापडण्याला एवढे महत्त्व का होते, हे समजण्यासाठी त्या काळातील पुराव्याची अडचण ध्यानात घ्यावी लागते. पोलीस नव्हते, तपास नव्हता. संशयिताचा निवाडा शपथेवर, त्याच्या बाजूने शपथ घेणाऱ्या शेजाऱ्यांवर किंवा तप्त लोखंडाच्या दिव्यावर होत असे. या सर्व मार्गांत आरोपीला निदान 'मी चोर नाही' असे म्हणण्याचा अवसर होता. चोरीचा माल अंगावर असलेल्याला तो नव्हता. पोलक आणि मेटलंड यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लिश कायद्याच्या इतिहासात या प्रक्रियेचे जे चित्र रेखाटले आहे ते विसरता येण्यासारखे नाही. हाकाटी होते, लोक पाठलाग करतात, चोर मालासह पकडला जातो. त्याला बांधतात आणि चोरलेला माल त्याच्याच पाठीवर बांधतात. घाईने जमवलेल्या न्यायसभेपुढे त्याला उभे केले जाते आणि बचावाचा एक शब्दही उच्चारू न देता फासावर चढवले जाते. शिक्षेची अंमलबजावणी कधी कधी मालाचा धनीच करीत असे.

माल पाठीवर बांधण्याची ही कृती केवळ अपमानासाठी केलेली नव्हती. माल चोराच्या शरीरापासून वेगळा झाला की पुरावा संपला. म्हणून न्यायसभेपर्यंत तो शरीराला चिकटून राहणे आवश्यक होते. खरेदी साक्षीदारांसमोरच करावी असे जे नियम अँग्लो-सॅक्सन राजांनी पुन:पुन्हा केले, त्यांमागेही हेच भय दिसते. ज्याच्याजवळ 'ही वस्तू मी अमक्याकडून, अमक्यांच्या देखत घेतली' असे सांगणारी माणसे आहेत त्याला तरणोपाय होता. वाटसरू, परगावचा मजूर, ज्याला ओळखणारे कोणी नाही असा माणूस, यांना तो नव्हता.

राजाच्या राखीव जंगलांच्या कायद्याने तर चिन्हांची यादीच केली होती. जॉन मॅनवुडच्या १५९८ साली प्रसिद्ध झालेल्या वनकायद्यावरील ग्रंथात हरणचोराला पकडण्यास पुरेशा अशा चार अवस्था दिल्या आहेत : धनुष्य सज्ज करून दबा धरलेला, कुत्र्यामागून जखमी हरणाचा माग काढणारा, शिकार पाठीवर घेतलेला आणि रक्ताळलेल्या हाताचा. शेवटच्या अवस्थेत हरीण जवळ नसले तरी चालते. वस्तूची जागा येथे तिच्या डागाने घेतली आहे. इंग्रजीतील 'रेड-हँडेड' ही कल्पना अशाच रक्ताळलेल्या हातांवरून आली. मराठीत लाच घेणाऱ्याला 'रंगेहाथ' पकडले असे लिहिले जाते, तेव्हा फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी लावलेल्या नोटांना स्पर्श केलेली बोटे सोड्याच्या पाण्यात खरोखरच गुलाबी होतात. वाक्प्रचार आधीचा आणि रसायन नंतरचे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

हा प्रकार केवळ इंग्लंडपुरता मर्यादित नव्हता. रोमन कायद्यात उघड सापडलेली चोरी आणि नंतर सिद्ध झालेली चोरी असा भेद होता. पुढील काळात पहिलीसाठी किमतीच्या चौपट तर दुसरीसाठी दुप्पट दंड ठरला. गुन्हा एकच असताना शिक्षेत हा फरक का, याचे उत्तर हेन्री मेन याने 'एन्शन्ट लॉ' (१८६१) या ग्रंथात दिले आहे : आद्य कायदेकर्त्याने नुकसान सोसणाऱ्याचा तत्क्षणीचा संताप मापदंड म्हणून स्वीकारला. मेन पुढे १८६२ ते १८६९ या काळात गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा कायदा सदस्य म्हणून भारतात होता. त्याच्या या उपपत्तीला भारतीय परंपरेतील एक संज्ञा चांगली पडताळणी पुरवते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात (९.२७०) राजाला असे बजावले आहे की, चोरीचा माल सापडल्यावाचून चोराचा वध करू नये; माल आणि चोरीची साधने यांसह सापडलेल्याच्या बाबतीत मात्र विचार करीत बसू नये. येथे मालासाठी 'होढ' असा शब्द योजला असून मालासह सापडलेला तो 'सहोढ'. आता 'सह' आणि 'ऊढ' म्हणजे वाहिलेला, यांचा संधी 'सहोढ' असाच होतो. त्याची फोड 'स' आणि 'होढ' अशी चुकीची केली गेल्याने 'होढ' हे स्वतंत्र नाम निर्माण झाले असावे, असे मानण्यास बळकट आधार आहे. त्याच अध्यायात विवाहसमयी गर्भवती असलेल्या वधूबरोबर आलेल्या पुत्रालाही 'सहोढ' म्हटले आहे, हे लक्षात ठेवावे. जॅकनेटाच्या संदर्भात त्याची आठवण होणार आहे. दोन दूरच्या भाषांत चोरीच्या मालाचा शब्द ऐकण्याच्या चुकीतून नवे रूप घेतो. मात्र संस्कृतात त्या चुकीमुळे वस्तूला नाव मिळाले; इंग्रजीत वस्तूचे नाव हरवले.

'मेनर'चे 'मॅनर' होणे

१२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या कायद्यात, मेनरसह पकडलेल्या चोराला जामिनावर सोडू नये असे कलम आहे. या टप्प्यावर शब्द पूर्णपणे जिवंत आणि धोकादायक आहे. पुढच्या शतकात मात्र त्याची धार गेली. पंचांनी रीतसर आरोप मांडल्यावाचून कोणालाही उत्तर देण्यास उभे करू नये, असे तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३५२, १३५४ आणि १३६८ या वर्षांच्या कायद्यांनी ठरवले. मेनरसह सापडलेल्यावर आरोपपत्राशिवाय चालणारा खटला या कायद्यांमुळे बंद झाला, असे ब्लॅकस्टन नमूद करतो. याच काळात, १३६२ साली, न्यायालयातील वाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. म्हणजे ज्या पिढीत या शब्दाचे कायदेशीर प्रयोजन संपले, त्याच पिढीत त्याची भाषाही न्यायालयातून बाहेर पडू लागली. राहिला तो ध्वनी. इंग्रजी कानाला 'मेनूर' परका होता, 'मॅनर' ओळखीचा. विशेष हे की रीत या अर्थाचा 'मॅनर'ही हाताच्याच लॅटिन शब्दावरून आलेला आहे. दोन चुलत भावंडांपैकी एकाने दुसऱ्याची जागा बळकावली, आणि कोणाच्या लक्षात आले नाही.

अर्थात स्थानिक रूढी कायद्याइतक्या लवकर मरत नाहीत. यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे साडेतेरा पेन्स किंवा अधिक किमतीचा माल हातात वा पाठीवर सापडलेल्या, अथवा कबुली दिलेल्या चोराचा शिरच्छेद करण्याचे यंत्र होते. त्याचा शेवटचा वापर १६५० साली झाला. शेक्सपिअर लिहीत होता तेव्हा हे पाते चालू होते. त्याच्या प्रेक्षकांना 'टेकन विथ द मॅनर' हा विनोद वाटत असला तरी तो रक्तहीन वाटत नसावा.

कॉस्टर्ड आणि त्याचा मुद्देमाल

'लव्हज लेबर्स लॉस्ट'चा १५९८ सालचा छापील पाठ उपलब्ध आहे. नव्हारच्या राजाने आणि त्याच्या तीन सोबत्यांनी तीन वर्षे विद्याभ्यास करण्याची व स्त्रियांचे दर्शन वर्ज्य मानण्याची शपथ घेतली असून दरबारच्या परिसरात स्त्रीसोबत आढळणाऱ्यास एक वर्षाच्या कैदेची दवंडी दिलेली आहे. पहिल्याच प्रवेशात शिपाई डल हा कॉस्टर्डला घेऊन येतो. जॅकनेटा या गवळणीबरोबर तो उद्यानात आढळला, अशी आर्माडो नामक स्पॅनिश बढाईखोराची लेखी तक्रार आहे. या वेळी कॉस्टर्ड 'मॅटर' आणि 'मॅनर' हे शब्द एकमेकांवर आपटतो. मग आरोपपत्रांच्या साचेबंद भाषेतील 'पुढील रीतीने व प्रकारे' या शब्दावलीची शकले करून 'मॅनर'चा संबंध वाड्याच्या 'मॅनर'शी, 'फॉर्म'चा बाकाशी आणि 'पुढील'चा जॅकनेटाच्या पाठोपाठ जाण्याशी लावतो.

ही कोटी केवळ ध्वनिसाम्याची आहे असे समजून बहुतेक वाचक पुढे जातात. 'मॅनर'च्या जागी वस्तू ठेवून पाहिली की प्रश्न उभा राहतो : कॉस्टर्डच्या हाती सापडलेला 'माल' कोणता? उत्तर एकच, जॅकनेटा. चोरीच्या कायद्याचा साचा राजाज्ञेवर बसवल्याबरोबर एका बाईचे रूपांतर मुद्देमालात होते. कॉस्टर्डला हे कळते. म्हणून तो पुढे 'पोरगी', 'तरुणी', 'कुमारिका', 'कन्या' असे शब्द बदलत राहतो. मालाचे वर्णन चुकले तर आरोप टिकत नाही, हा वकिली डाव तो अडाणीपणाच्या मिषाने खेळतो. राजा मात्र प्रत्येक शब्द दवंडीत होताच असे सांगून त्याला कोंड्यापाण्यावर आठवडाभर उपास घडवतो. ज्याने तक्रार केली तो आर्माडो स्वत: जॅकनेटाच्या प्रेमात आहे, हे नंतर उघड होते आणि अखेरच्या प्रवेशात ती दोन महिन्यांची गर्भवती असल्याचे कॉस्टर्डच भर सभेत जाहीर करतो. खरा 'सहोढ' तेव्हा सापडतो, आणि पकडला जातो तो फिर्यादी. आर्माडो प्रायश्चित्त म्हणून तीन वर्षे नांगर धरण्याची शपथ घेतो. हाताने जमीन कसणे हा 'मेनर'च्या भाऊबंद शब्दाचा मूळ अर्थ नाटककाराला ठाऊक होता असे म्हणण्याचा हेतू नाही, पण वाचकाला तो आठवल्यावाचून राहत नाही.

या प्रवेशाच्या मराठी रूपांतरात 'रंगेहाथ' हा शब्द उपयोगाचा नाही. त्यात हात आहे, माल नाही. 'मुद्देमाल' हा अरबी-फारसीतून मराठी कचेरीत रुळलेला शब्द येथे आयताच हाताशी आहे. इंग्रजीतील 'मॅटर' आणि 'मॅनर' यांच्या खेळाला 'मुद्दा' आणि 'मुद्देमाल' ही जोडी इतकी नेमकी लागू पडते की मूळ कोटी जणू मराठीतच सुचली असावी. शिवाय मराठी वर्तमानपत्रांत मुद्देमाल नेहमी 'हस्तगत' होतो. तेथे हात चोराचा नसून पोलिसांचा असतो, हा फरक कॉस्टर्डसारख्याने नक्कीच हेरला असता.

युवराजाचा विनोद

'हेन्री चौथा'च्या पहिल्या भागातील दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश सामान्यत: फॉल्स्टाफच्या थापांसाठी वाचला जातो. परंतु तो चोरीच्या पुराव्याविषयीचा एक सलग प्रवेशही आहे. गॅड्स हिल येथे फॉल्स्टाफ आणि त्याच्या साथीदारांनी वाटसरूंना लुटले. वेषांतर केलेल्या युवराजाने त्या लुटारूंनाच लुटले. आता सर्व मंडळी गुत्त्यात जमली आहेत. फॉल्स्टाफने स्वत:च्याच तलवारीला खाचा पाडल्या आणि टोकदार गवताने नाके खुपसून रक्त काढून ते कपड्यांना माखायला लावले, हे साथीदार कबूल करतात. वनकायद्यातील 'रक्ताळलेला हात' येथे बनावट पुरावा होऊन अवतरतो. आपल्याला त्या युक्त्या ऐकून कित्येक वर्षांनी लाज वाटली, असे बार्डॉल्फ म्हणतो. त्यावर युवराज त्याला सुनावतो की, अठरा वर्षांपूर्वी तू मद्याचा पेला चोरलास, 'मॅनर'सह पकडला गेलास आणि तेव्हापासून तुझी लाली आपोआपच कायम आहे.

'गुन्हा करताना पकडला गेलास' या अर्थाने हे वाचले तर विनोद पातळ होतो. चोरलेली वस्तू मद्य आहे आणि ती पोटात गेली आहे. तरीही ती बार्डॉल्फच्या लालबुंद नाकावर व चेहऱ्यावर अठरा वर्षे दिसते आहे. जुन्या न्यायसभेत चोराच्या पाठीवर माल बांधीत, तसा याच्या तोंडावर तो कायमचा बांधला गेला आहे. माल आणि माणूस वेगळे करता येत नाहीत, हा 'मेनर'चा मूळ आशय इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोठेही आलेला नाही.

त्याच प्रवेशात पुढे दाराशी शेरीफ येतो. काही इसमांचा हाकाटी देत या घरापर्यंत पाठलाग झाल्याचे तो सांगतो आणि लुटीचा आकडा देतो, तीनशे मार्क. फॉल्स्टाफ पडद्याआड झोपी गेला आहे. त्याचे खिसे तपासले जातात तेव्हा निघतात त्या उधारीच्या पावत्या : कोंबडा, चटणी, दोन गॅलन मद्य आणि अर्ध्या पेनीचा पाव. लुटीतील एक नाणेही त्याच्याजवळ नाही. 'हाती माल असलेला' माणूस त्या खोलीत एकच आहे आणि तो शेरीफशी बोलतो आहे. पण युवराजाचे खिसे कोणी तपासत नाही. त्याचा शब्द पुरतो. पैसे व्याजासह परत करण्याचे तो नंतर ठरवतो, आणि त्याच्या औदार्याबद्दल समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे. ज्याच्या बाजूने शपथ घेणारे कोणी नाही त्याच्यासाठी जी संज्ञा फासाची होती, ती त्याच्यासाठी केवळ शब्दखेळ राहते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

वस्तूविना उरलेला शब्द

'द विंटर्स टेल' हे १६१०-११ च्या सुमाराचे नाटक. त्याच्या चौथ्या अंकात खिसेकापू ऑटोलिकस दरबाऱ्याच्या उसन्या पोशाखात मेंढपाळ बापलेकांवर छाप पाडत असताना बोलण्याच्या ओघात अडखळतो. तेव्हा, महाराज एक थाप देणारच होते, पण त्यांनी स्वत:लाच 'मॅनर'सह पकडले, असे मुलगा म्हणतो. येथे माल म्हणजे न उच्चारलेले खोटे. विनोद चांगला आहे, परंतु शब्द आता वस्तूपासून सुटलेला आहे.

पुढचे पाऊल त्याच वर्षांत पडले. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात (५:१३), पतीच्या संशयामुळे कडू पाण्याच्या दिव्याला सामोरी जाणाऱ्या स्त्रीविषयी, तिच्याविरुद्ध साक्षीदार नाही आणि ती 'मॅनर'सह सापडलेली नाही, असे भाषांतर आहे. हिब्रू मूळ केवळ 'पकडली गेली नाही' एवढेच म्हणते. येथे चोरी नाही, माल नाही. 'सह' हे अव्यय तेवढे राहिले आहे आणि कोणासह, हा प्रश्न विचारणारा वाचक उरलेला नाही. कॉस्टर्डने ज्यावर विनोद केला ते येथे गंभीरपणे घडते.

कायद्यात मात्र कल्पना टिकून राहिली. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेल्या भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११४ मधील पहिल्या उदाहरणानुसार, चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात माल सापडतो तो चोर आहे किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. ताब्याचा खुलासा त्याला करता आला तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये हेच उदाहरण आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, कलम १२४ आणखी पुढे जाते : चोरीची असल्याचा सबळ संशय असलेली वस्तू जवळ बाळगणाऱ्याने समाधानकारक खुलासा न केल्यास तेवढ्यावरूनच तो शिक्षेस पात्र होतो. 'हँडहॅबेंडे' आणि या कलमांमधील फरक त्या खुलाशात आहे. अथेलस्टनच्या चोराला तोंड उघडता येत नव्हते. आजच्या आरोपीला ते उघडता येते. खुलासा पटेल की नाही, हे मात्र आजही पुष्कळदा तो कोण आहे यावर ठरते. विमुक्त जमातींमधून आलेल्या आत्मकथनांच्या मराठी वाचकाला हे निराळे सांगावे लागत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाचे शीर्षकच एका संपूर्ण समाजाला वस्तू उचलणारा हात म्हणून ओळखणारे आहे.

बार्डॉल्फची गोष्ट 'हेन्री चौथा'मध्ये संपत नाही. 'हेन्री पाचवा'मध्ये तो फ्रान्सच्या स्वारीवर सैनिक आहे आणि युवराज आता राजा. होलिनशेडच्या इतिहासात चर्चमधील पवित्र पात्र चोरणाऱ्या एका निनावी शिपायाला फाशी दिल्याची हकिगत आहे. शेक्सपिअरने ती बार्डॉल्फच्या माथी मारली, आणि पात्राच्या जागी प्रार्थनेत चुंबन घ्यावयाची छोटी पट्टिका आणली, म्हणजे वस्तू आणखी किरकोळ केली. तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात पिस्टल त्याच्यासाठी रदबदली करतो. पट्टिकेला फारशी किंमत नाही असे म्हणतो. आपला भाऊ असता तरी शिक्षा होऊ दिली असती, असे फ्लुएलेन उत्तरतो. थोड्या वेळाने राजा येतो. फ्लुएलेन त्याला बार्डॉल्फच्या चेहऱ्यावरील फोडांचे आणि ज्वाळेसारख्या नाकाचे साग्रसंगीत वर्णन ऐकवून, आता ती आग विझली असेल असे सांगतो. राजा नाव ओळखल्याची खूण देत नाही. अशा सर्व गुन्हेगारांचे असेच व्हावे एवढेच बोलतो. अठरा वर्षांच्या लालीवरचा विनोद त्याचाच होता. बार्डॉल्फ या प्रवेशात रंगमंचावर येत नाही. त्याच्या हाती पट्टिका कशी आली, हे त्याला कोणी विचारल्याचे नाटकात कोठेही नाही.